पाच वर्षांखालील

वाल्पाराइसोच्या संसदेत माझी खुर्ची
मागून दुसऱ्या रांगेत, खांबाआड.
बसलं की कुरकुरते.
सतरा दिवस झाले इथे येऊन,
अजून लिफ्ट चुकते,
अजून कुणी ‘सन्माननीय’ म्हटलं
की मी मागे वळून बघते.

आज दुखवट्याचा तिसरा दिवस.
झेंडा अर्ध्यावर.
दोन मिनिटं सगळं सभागृह उभं राहिलं,
मग भाषणं झाली.
भाषणांत समुद्र होता, नियती होती,
राष्ट्र नावाची एक आई होती, तिचे अश्रू होते.
बोट नव्हती.

बोट मला ठाऊक आहे.
‘दोन्या रेमेदियोस’. वरून निळी, पोपडा निघाला की हिरवी,
डाव्या अंगाला कायमची जराशी कललेली,
एका कानानं ऐकणाऱ्या म्हातारीसारखी.
धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत
अकरा वर्षं मी तिची तिकिटं फाडली.
माणसाला पांढरं, मेंढीला पिवळं,
बटाट्याच्या पोत्याला नुसताच शिक्का.
पाच वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही,
तसा नियमच होता.
‘किती रे वय?’ मी विचारायचे.
आई म्हणायची, पाचसुद्धा नाही झाली अजून.
पोरगं माझ्यासमोर बोटं धरायचं: सहा.
आम्ही तिघंही हसायचो.
जा, म्हणायचे मी.
मला मतं पडली
ती बहुतेक त्या हसण्याचीच.

आता पुढ्यात विधेयक आहे. बारा पानं.
कलम चार: भरपाई
‘तिकीटधारक प्रवाशाच्या वारसांस’.
कलम पाच: रक्कम
मृताच्या मासिक मिळकतीवरून.
म्हणजे सॅमन कारखान्याच्या इंजिनिअरची एक बायको
आणि त्याच कारखान्यात मासे सोलणाऱ्या
ओतिलिया मान्सियाची तीन मुलं,
यांच्यात सातपटीचा फरक.
पाणी दोघांना सारखंच गार होतं.

आमच्या बेटावर बटाटे विकणारी बाई
आधी तागडी रिकामी धरून दाखवते.
पासंग नाही, बघून घ्या.
या बारा पानांची तागडी
रिकामी कुणी धरली होती का, कधी?

वित्त समितीचे गृहस्थ वाईट नाहीत.
त्यांनी मला कॉफी पाजली,
म्हणाले, भावना कळतात हो,
पण रेघ कुठंतरी ओढावीच लागते.

रेघ मलाही ओढता येते.
खडूनं, धक्क्यावर, रोज पहाटे:
बोट भरली, बाकीच्यांनी इथं थांबा.
आणि सणाच्या आधल्या दिवशी
मालकाचा फोन आला
की मीच ती चपलेनं पुसून
चार हात मागं ओढायचे.
तेव्हा काही झालं नाही.
कधीच काही झालं नाही, म्हणून
गेल्या वर्षी नोकरी सोडताना
मी नव्या मुलीलाही तेच शिकवलं.
फोन आला की रेघ पुसायची.
लहानांना वय विचारायचं, हसायचं, सोडायचं.
नेरेइदा गुएंतेओ, वय वीस.
ती त्या दिवशी खोलीतच होती. वाचली.
अजून कुणाशी बोलत नाही.

सरकारी यादीत एकसष्ट नावं.
माझ्या वहीत सत्तर.
ही नऊ मी घरोघर जाऊन लिहिली.
दार उघडायच्या आधी
उंबऱ्याशी छोटे बूट दिसायचे,
मग विचारावं लागायचं नाही.
बेनिसियो. आयलीन. ओयारसो यांची जुळी.
एकीचं नाव अजून ठेवायचंच होतं,
तिच्यापुढे मी रेघ मारली आहे.
हीसुद्धा एक रेघच.

दया केली होती मी.
तिकीट घ्यायला लावलं असतं
तर आज कागदावर तरी असती ती.
हे वाक्य भाषणात घ्यावं की नाही,
काल रात्रभर ठरवत होते.
खोडलं. परत लिहिलं.
आता कागद इतका मळला आहे
की वाचता येणार नाही, सांगावंच लागेल.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं,
आडनाव चुकवून.
नव्या सदस्यांना पाच मिनिटं, म्हणाले.
चालतील ना?

मी खांबाआडून पुढे झाले
आणि हात वर करून
बोटं दाखवली.
सहा.